सुई-दोऱ्याने मागणी मांडायची तर: रुमाल, छोटे फलक, सामूहिक गोधडी

कच्चाधागा
भरतकाम, विणकाम, गोधडी यांतून एखादी सार्वजनिक मागणी मांडायची तर प्रत्यक्षात काय काय करावं लागतं, त्यासाठी हा धागा. शक्यतो मापं, सामान आणि अडचणी लिहा.

माझं ठाम मत आधीच सांगते. वस्तू कुणाच्या हातात द्यायची आहे हे पदासकट ठरल्याशिवाय सुईत दोरा ओवू नये. ब्रिटनमधलं २०१५ सालचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने कर्मचाऱ्यांना निर्वाहापुरतं तरी वेतन द्यावं, अशी मागणी होती. सारा कॉर्बेट यांच्या क्राफ्टिव्हिस्ट कलेक्टिव्ह या गटाने शेअरअ‍ॅक्शन या संस्थेच्या जोडीने कंपनीच्या १४ संचालकांसाठी रुमाल भरले. रुमालही त्याच कंपनीच्या दुकानातून विकत घेतलेले. एकेका संचालकाची माहिती काढून त्याला उद्देशून मजकूर लिहिला आणि वार्षिक सभेत ज्याचा त्याला दिला. पुढच्या वर्षी कंपनीने पगारवाढ जाहीर केली. ती एकट्या रुमालांमुळे झाली असं कुणी म्हणू नये, भागधारकांचाही रेटा होता. पण चौदा रुमाल चौदा माणसांपर्यंत पोचले, रस्त्यावर टांगलेले नव्हते.

आता रुमालाची कृती. पांढरा सुती रुमाल, ४० ते ४५ सेंमी चौरस. नवा रुमाल आधी भिजवून, धुवून, इस्त्री करून घ्या. खळ निघते आणि कापड आटायचं तेवढं आटून घेतं. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, दोरा तेवढा आटत नाही, आणि अक्षरांभोवती चुण्या पडतात.

मजकूर सहा ते दहा शब्दांचा. चारही कडांनी ४ सेंमी मोकळे सोडा. आखणी पाण्याने जाणाऱ्या पेनने करा, आणि ती पुसायच्या आधी इस्त्री फिरवू नका, शाई पक्की बसते. इस्त्रीच्या उष्णतेने उडणारी पेनं मिळतात, ती घेऊ नका. गेलेली रेघ कडक थंडीत परत उमटू शकते, आणि साहेबांसमोर ती उमटली तर काय सांगणार?

सहापदरी दोऱ्याचे दोन पदर काढा, एकेक वेगळा ओढून मग जोडा. दोन एकदम ओढले तर गुंता होतो. लांबी ४५ सेंमी, म्हणजे साधारण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. लांब दोरा घेतला की तो पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन शेवटी पिंजतो. मागे गाठ मारायची नाही. सुरुवातीला ३ सेंमी शेपूट सोडून ते पुढच्या टाक्यांखाली दाबत न्यायचं. पातळ रुमालाला गाठ समोरून दिसते, आणि इस्त्रीत तिथे उंचवटा येतो.

टाका उलटी टीप किंवा दांडी टाका. साखळी टाका दिसतो छान, पण लहान अक्षरात जाड होतो.

मांजरपाट
वाचतेय. लाल दोऱ्याचा रंग सुटतो त्याचं काय? पांढऱ्या रुमालावर लाल अक्षरं उठून दिसतात म्हणून सगळ्यांना तोच रंग हवा असतो.

पदर_सहा
रंग सुटतो का ते भरायच्या आधी बघा. वीतभर दोरा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा आणि फडकं वाळू द्या. डाग आला तर ती लडी बाजूला ठेवा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंगवलेल्या तयार दोऱ्याचा रंग पक्का होत नाही. लडी गार पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळखळली तर जादाचा रंग बराच निघतो, पण हमी नाही. भरून झाल्यावर रंग पसरलाच तर कापड वाळू न देता लगेच भरपूर गार पाण्यात सोडा. डाग वाळला की संपलं.

आता देवनागरी. भरतकामाच्या बहुतेक पुस्तकांत रोमन अक्षरांचे तक्ते असतात, आणि ते बघून मराठी भरायला गेलं की घोटाळे होतात.

पहिला घोटाळा शिरोरेषेचा. सगळ्यांना ती आधी भरावीशी वाटते, कारण कागदावर आखताना आपण ती आधी ओढतो. कापडावर ती शेवटी भरा. लांब सरळ ओळ आधी भरली की दोरा जरासा ओढला जातोच, कापड गोळा होतं, आणि मग खालची अक्षरं भरताना ती रेषा लाटेसारखी वरखाली होते. आधी अक्षरांचं अंग, मग काना-मात्रा-वेलांट्या, शेवटी शिरोरेषा, आणि तीही शब्दागणिक तोडून. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर मागून दोरा नेऊ नका, पांढऱ्या कापडातून गडद दोरा दिसतो.

दुसरा घोटाळा हास्यास्पद होऊ शकतो. ध आणि भ यांच्या डोक्यावरची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. भरण्याच्या ओघात ती सरळ नेली की ‘धरण’चं ‘घरण’ आणि ‘भूमी’ची ‘मूमी’ होते. आखतानाच तिथे फुली करून ठेवा. ख भरताना दोन भाग खाली जोडलेले राहिले पाहिजेत, नाही तर ‘खाण’ची ‘रवाण’ वाचली जाते.

मापं अशी: अक्षराचं अंग १५ मिमी, वर वेलांटी-मात्रेला ८, खाली उकाराला ८. दोन ओळींच्या शिरोरेषांत ३५ मिमी अंतर ठेवा. कमी ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. दांडी शिरोरेषेला जिथे मिळते तिथे दोन्हींची भोकं एकाच जागी पडून कापड चिरतं, म्हणून दांडी अर्धा मिमी अलीकडे थांबवा, डोळ्याला ती जोडलेलीच दिसते. अनुस्वाराला गाठीचा टाका, सुईवर दोन वेढे. तीन वेढ्यांचा टपोरा होतो आणि लोंबतो.

जोडाक्षरं असलेले शब्द शक्य तिथे बदला. ‘संरक्षण करा’ऐवजी ‘राखा’. भरायलाही सोपं, वाचायलाही.

मांजरपाट
ध-भ वाचून हसले. पण खरं आहे, रुखवतात अशी अक्षरं पिढ्यानपिढ्या टांगलेली आहेत!

मॅटीवर क्रॉस स्टिचने केलं तर?

पदर_सहा
चालेल, आणि नवशिक्यांना आखणी नको असल्याने सोपं जाईल. इंचाला ११ घरांची मॅटी घेतलीत तर अक्षराचं अंग ९ घरं, वर ४, खाली ४. एक अक्षर सरासरी ७ घरं रुंद, मध्ये १ घर. म्हणजे चार अक्षरी शब्द साधारण ३२ घरांचा, साडेसात सेंमी. चौकोनी खाचांमुळे ळ, ह, झ ओळखू येत नाहीत, त्यांना दोनेक घरं जास्त द्या. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला हवा. गटात काम असेल तर ही दिशा आधी सांगा, नाही तर शेजारच्या दोन चौकोनांवर उजेड वेगळा पडतो आणि रंगच वेगळा वाटतो.

फलक दोन्ही बाजूंनी दिसणार असेल तर कसुती या कर्नाटकी भरतकामातली गवंती वापरा. एकदा धावदोरा घालत जायचं, परत येताना मोकळ्या जागा भरायच्या. दोन्हीकडे सारखी रेघ दिसते. अक्षरं मात्र मागून उलटी वाचली जातात, म्हणून गवंती नक्षीपुरती ठेवा आणि मजकुराला मागून अस्तर लावा.

आवकजावक
धागा चांगला आहे, पण कार्यालयाच्या बाजूने एक गोष्ट लिहितो. भरलेला रुमाल म्हणजे निवेदन नव्हे. त्याला आवक क्रमांक पडत नाही, पुढे माहिती अधिकारात विचारायला गेलात तर काही हाती लागत नाही. म्हणून साध्या कागदावरचं निवेदन वेगळं द्या, दोन प्रतींत. एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. निवेदनात शेवटी एक ओळ टाका: ‘सोबत नागरिकांनी हाताने भरलेला रुमाल.’ म्हणजे रुमालही नोंदीत येतो. हरकती-सूचनांची मुदत चालू असेल तर लेखी हरकत मुदतीत गेलीच पाहिजे, भरतकाम पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका. हे सर्रास होतं.

दुसरं, सरकारी माणसाला भेटवस्तू घेण्याचे नियम असतात. साधा सुती रुमाल द्या, पैठणीचा काठ लावून त्याची किंमत वाढवू नका. सगळ्यांसमोर, कार्यालयीन वेळेत, पदनामाने द्या. दिवाळीच्या आठवड्यात तर नकोच.

आणि मजकुरात साहेबांची लाज काढू नका. त्याने फलक फाडला जातो. ‘साहेब, या फूटपाथवरून आजी चालतात. वाट मोकळी ठेवा.’ हे ज्याला वाचायचं आहे तो टेबलावर ठेवेल.

रोखठोक
मला हे सगळं फार गोड वाटतं. ज्यांच्या वस्तीवर बुलडोझर येतो त्यांनी रुमाल भरत बसायचं का? सौम्य आंदोलन हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. आणि तो करून ‘आपण काहीतरी केलं’ असं समाधान मिळतं ते वेगळंच.

हातशिलाई
समाधानाचा मुद्दा मान्य. पोट भरलेल्यांचा छंद, हे मात्र इतिहासात बसत नाही.

चिलीत ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता बळकावली. पिनोशेच्या राजवटीत माणसं उचलून नेली जात आणि पुढे ठावठिकाणा लागत नसे. अशा घरांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या बायकांनी सॅन्टियागोमध्ये चर्चच्या आसऱ्याने चाललेल्या कार्यशाळांत ‘आर्पियेरा’, म्हणजे पोत्यावर चिंध्यांची चित्रं, शिवल्या. १९७६ पासून व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद ही चर्चची संस्था हे काम बघू लागली. बायकांकडून ती तुकडे विकत घेई आणि देशाबाहेर पाठवी. म्हणजे त्यात रोजीही होती आणि साक्षही.

बांधणी बघा. तळाला पोत्याचं कापड. त्यावर चिंध्यांची घरं, रस्ते, मागे अँडीजचे डोंगर आणि बहुधा सूर्य. माणसं म्हणजे बोटाएवढ्या उठावाच्या बाहुल्या. कडेला लोकरीची क्रोशाची किनार. काहींच्या पाठीला छोटा खिसा, त्यात चिठ्ठी. लांबून मुलांच्या खोलीत लावायचं चित्र वाटावं, जवळून बघावं तर सैनिक, रिकामी चूल, ‘ते कुठे आहेत?’ असा फलक. या गोडपणाच्या आडून त्या बायका बोलत होत्या. राजवटीला हे कळलं तेव्हा ते तिला गोड वाटलं नाही.

आपल्याकडे करायचं तर पोतं तागाचं घ्या, प्लॅस्टिकचं नको. ताग विरळ असतो म्हणून चारही कडा आधी काज टाक्याने बांधून घ्या, नाही तर काम होईतो दोन सेंमी उसवून जातं. तुकडे कापताना कडेने ५ मिमी जास्त धरा, आत दुमडून तुरपा. बाहुलीचं डोकं म्हणजे चिंधीची गोळी, त्यावर चार सेंमी व्यासाचं गोल कापड धावदोऱ्याने ओढून बांधायचं. २५ बाय ३५ सेंमीच्या तुकड्यात पाच-सहा माणसं पुरेत.

कच्चाधागा
रोखठोक, बुलडोझर दारात असेल तर वकील आणि माणसं लागतात, सुई नाही, यात वादच नाही. रुमाल निर्णय व्हायच्या आधीच्या काळासाठी आहे, जेव्हा समोरचा अजून ऐकू शकतो.

आणि १९२४ आठवा. बेळगावच्या अधिवेशनात, गांधी अध्यक्ष असताना, काँग्रेसच्या सभासदत्वाला वर्गणी ठरली ती दरमहा २,००० यार्ड सुताची. मऊ हाताची, पण कष्टाची अट. त्यात एक पळवाट होती: स्वतः कातायची इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेलं सूत दिलं तरी चालेल. पुढच्या वर्षी चार आणे किंवा सूत असा पर्याय देऊन अट सैल करावी लागली.

आजही तोच प्रश्न येतो. गटातल्या कुणी वेळ नाही म्हणून फलक बाहेरून भरून आणला तर? माझ्या मते दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं तर त्याची पूर्ण मजुरी द्या आणि तसं सांगा. आणि मशीनवर भरून आणायचं असेल तर सरळ फ्लेक्स छापा, निदान स्वस्त पडेल.

नालेकाठ
आमच्या भागातल्या ओढ्यासाठी सामूहिक गोधडी करायचं घाटतंय. ३० घरं, प्रत्येकी एक चौकोन. शेवटी सगळे तुकडे वेगवेगळ्या मापाचे येतात असं ऐकलंय. कुणी नीट क्रमवार सांगेल का?

हातशिलाई
मापं चुकतात कारण लोकांना मापं सांगितली जातात. मापं सांगू नका, कापलेलं कापड द्या.

१. एकाच ताग्याचं मांजरपाट किंवा केसमेंट घ्या, सगळं एकदम धुवा. ४० सेंमीचे चौकोन काटकोनात कापा. चौकोन फाडून केले तर धाग्यावर सरळ येतात, पण कडा ताणल्या जातात, म्हणून मोठे फाडा.

२. प्रत्येकावर पेन्सिलीने मधोमध ३० सेंमीचा चौकोन आखून द्या. त्याच्या आत ३ सेंमीवर दुसरी पुसट रेघ. भरतकाम आतल्या रेघेच्या आतच राहिलं पाहिजे. ही सूचना कापडावरच लिहून द्या, चिठ्ठी हरवते.

३. ३० हवे असतील तर ३६ वाटा. काही परत येत नाहीत, काहींवर चहा सांडतो.

४. परत आलेला तुकडा उलटा, मऊ टॉवेलवर ठेवून इस्त्री करा, मग जाड पुठ्ठ्याचा ३३ सेंमीचा फरमा मधोमध ठेवून कापा. दीड-दीड सेंमी शिलाईत जातं, तयार चौकोन ३० चा. म्हणून सुरुवातीला ४० घेतले. रिंगेत ताणलेलं कापड भरल्यावर सेंटिमीटरभर आकसतं, ती सोय त्यातच आहे.

५. पाच-पाचच्या सहा ओळी. पहिल्या ओळीच्या शिलाया डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे दाबून इस्त्री करा, म्हणजे ओळी जोडताना सांध्यावर कापडाचे आठ थर एकावर एक येत नाहीत. १५० बाय १८० सेंमीची वरची बाजू तयार.

६. अस्तर १६० बाय १९०. मध्ये जुन्या सुती साडीचे दोन थर. सिंथेटिक साडी नको, ती आतल्या आत सरकते.

७. फरशीवर अस्तर उलटं पसरा, कडांना चिकटपट्टीने ताणून बसवा, वर साडी, वर भरलेली बाजू. मग कच्चे टाके, दोन्ही दिशांना दर १५ सेंमीवर. आपल्या गोधडीची रीत कडेकडून आत फिरत जायची. तिने फार देखण्या रेघा येतात, पण सैल पडलेलं कापड मध्यावर गोळा होत जातं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. कच्चे टाके नीट असतील तरच कडेकडून जा, नाही तर मध्यापासून बाहेर. भरलेल्या अक्षरांवरून धावदोरा नेऊ नका, त्यांच्या कडेने वळवा.

सगळं मिळून वजन दीड किलोच्या आसपास जातं. टांगायची असेल तर कोपऱ्यांना कड्या लावू नका, मध्ये झोळ पडतो. मागे वरच्या कडेला १० सेंमी रुंद कापडी नळी शिवा आणि त्यातून लाकडी दांडा घाला.

ठरावीक मापाचं महत्त्व बघायचं तर अमेरिकेतली एड्सची स्मृती-गोधडी. गेलेल्या एकेका माणसासाठी ३ बाय ६ फुटांचा तुकडा, आठ तुकड्यांचा १२ बाय १२ फुटांचा चौक. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिल्यांदा पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आत काय लावावं याला जवळजवळ बंधन नव्हतं, माप मात्र एकच. म्हणूनच ती वाढत गेली तरी जोडता आली.

नालेकाठ
खूप उपयोगी. भरता येत नाही अशांचं काय करायचं? त्यांनाही सहभागी व्हायचंय.

पदर_सहा
त्यांची सही घ्या. १९१२ साली लंडनच्या हॉलोवे तुरुंगात मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी एका रुमालावर ६६ सह्या भरल्या, तो रुमाल आजही इंग्लंडमध्ये वेस्ट होथली इथल्या प्रीस्ट हाऊस संग्रहालयात आहे. सही पेन्सिलीने घ्या, ६ सेंमीपेक्षा लांब नको, आणि एका पदराने बारीक उलट्या टीपेने दुसऱ्या कुणी भरली तरी ती सही त्या माणसाचीच राहते. अंगठाही भरता येतो, फक्त दोन-तीन रेघांनी सुचवा. सगळे वळसे भरायला गेलात तर गोळा होतो.

सुलट_उलट
झाडांना लोकर गुंडाळण्याबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. करू नका. बाजारातली स्वस्त लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, खाली साल ओली राहून बुरशी धरते, मुंग्या-किडे घर करतात. अ‍ॅक्रिलिक कुजत नाही, नुसतं पिंजून तंतू मातीत जातात. झाडं वाचवायच्या मोहिमेत हे म्हणजे अगदीच झालं. शिवाय शहरी भागात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा. खांबावर परवानगीशिवाय टांगलेलं काहीही त्यात ओढलं जाऊ शकतं. आपल्या फाटकावर, दुकानदाराच्या होकाराने त्याच्या शटरशेजारी, ग्रंथालयात टांगा. उंची डोळ्यांच्या जरा खाली, म्हणजे माणूस वाकून वाचतो. आठ-दहा दिवसांनी स्वतः काढून न्या. मळकट, एका कोपऱ्यावर लोंबणारा फलक आपल्याच विरुद्ध बोलतो.

विणणाऱ्यांसाठी दोन चांगले पर्याय आहेत. एक, नुसतं बसून विणणं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात २०१२ मध्ये कोळशाच्या थरांतल्या वायूच्या उत्खननाविरुद्ध ‘निटिंग नॅनाज’ उभ्या राहिल्या. पिवळ्या-काळ्या लोकरी, घडीच्या खुर्च्या, आणि लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाबाहेर ठरल्या वेळी बैठक. यासाठी न बघता विणता येईल असंच काम न्या: ६ नंबरच्या सुया, २५-३० टाके, सगळे सुलट. नमुना मोजावा लागला की मान खाली जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं होत नाही. आणि बोलणं हेच तिथलं मुख्य काम.

दुसरा पर्याय तापमानाचा मफलर. एका गावाचं एका वर्षाचं रोजचं कमाल तापमान रंगांत विणायचं. ८ नंबरच्या सुया, ३२ टाके, सगळे सुलट, रुंदी साधारण १६ सेंमी. दिवसाला दोन ओळी घ्या, एक नाही. एक ओळ घेतली तर रंग कधी या कडेला, कधी त्या कडेला बदलतो आणि समोरच्या बाजूला ठिपके येतात. दोन ओळींत दोरा दरवेळी एकाच कडेला परत येतो. ३६५ दिवसांच्या ७३० ओळी, १० सेंमीत ४० ओळी धरल्या तर लांबी १८० सेंमीच्या आसपास. सगळे रंग मिळून २०० ग्रॅम लोकर.

मांजरपाट
रंग किती घ्यायचे?

सुलट_उलट
गावावर आहे. नागपूरला हिवाळा-उन्हाळ्यातला फरक मोठा, तिथे तीन-तीन अंशांची पायरी आणि नऊ-दहा रंग. तीच पायरी मुंबईला लावलीत तर वर्षातले बहुतेक दिवस दोन रंगांत संपतात आणि मफलर सपाट दिसतो. मुंबईला एक-एक अंशाची पायरी लावा. पायरी सुरू करण्याआधी ठरवा आणि मध्ये बदलू नका. अर्ध्यात एखादा दिवस पट्टीच्या वर गेला म्हणून रंग सरकवले की सगळी नोंद खोटी. वर दोन रंग राखीव ठेवा.

आकडे हवामान खात्याच्या एकाच केंद्राचे घ्या. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझ अशी दोन आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. आणि एक जुनं वर्ष, एक नवं वर्ष असे दोन मफलर शेजारी टांगून ‘बघा, किती तापलंय’ म्हणू नका. एखादं वर्ष कसंही असतं. कुणी जाणकार भेटला तर दोन मिनिटांत खोडून काढेल. प्रत्येक तारखेची जुन्या दहा वर्षांची सरासरी काढून एक मफलर, आणि अलीकडच्या दहा वर्षांचा दुसरा. तो टिकतो. रंगांची किल्ली मफलरच्या टोकाला कापडी पट्टीवर भरून शिवा.

रोखठोक
सरासरीचा मुद्दा आवडला. हे असं असेल तर माझा विरोध कमी होतो.

अवांतर: १५ ऑगस्टसाठी कुणीतरी तिरंगा भरलेले रुमाल वाटायची कल्पना काढली आहे आमच्याकडे. चालतं का ते?

आवकजावक
नाही. ध्वजसंहितेत स्पष्ट आहे: राष्ट्रध्वज रुमाल, उशी, नॅपकिन यांवर भरायचा किंवा छापायचा नाही, आणि ध्वजावर अक्षरंही लिहायची नाहीत. मागणी कितीही चांगली असो, चर्चा तिथेच अडकेल. रंग वेगळे घ्या.

नालेकाठ
शेवटचं विचारते. गोधडी कार्यालयात दिल्यावर ती कपाटात पडून राहील त्याचं काय? आणि धुवायची कशी हे त्यांना सांगायचं का?

हातशिलाई
गोधडी देऊन टाकू नका, दाखवायला न्या आणि परत आणा. ठरलेल्या तासाभरासाठी दालनात मांडायची परवानगी आवकजावक यांनी सांगितलेल्या निवेदनातच मागा. कार्यालयात ठेवायला एकच तयार चौकोन द्या, मागे अस्तर लावलेला, ३० सेंमीचा. तो टेबलावर मावतो. जादाचे सहा वाटलेत त्यातला एक यासाठी धरा.

धुणं: गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, आडवी पसरून सावलीत वाळवायची. घडी घालताना भरलेली बाजू बाहेर ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडीच्या जागा बदला, एकाच रेघेवर धागे तुटतात. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. मागच्या कोपऱ्यात छोटी पट्टी शिवा: गावाचं नाव, महिना-वर्ष, मागणी एका ओळीत, आणि निवेदनाचा आवक क्रमांक. तो क्रमांक मिळाल्यावरच ती पट्टी भरा, तोवर जागा मोकळी ठेवा.